जुन्या फुटेजमधल्या ‘लाइनी’ आणि त्यांचा माग

मिनी-डीव्ही कॅसेटवरचं जुनं लग्न कॉम्प्युटरवर उतरवलं की एका सॉफ्टवेअरमध्ये ते छान दिसतं. तीच फाइल काटछाटीसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की नवरीच्या हलत्या हाताभोवती आडव्या रेषांची झालर उमटते. कोणी म्हणतं ‘लाइनी येतात’, कोणी म्हणतं ‘व्हिडिओ फाटतो’, कोणी म्हणतं ‘झटके मारतो’. ही तिन्ही वर्णनं एकाच दुखण्याची वाटली तरी ती एक नाहीत. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा आहे.

बहुतेक जण अशा वेळी दिसेल त्या मेनूत जाऊन ‘डीइंटरलेस’वर टिक करतात. लाइनी जातात, पण चित्र मऊ पडतं आणि लेझमाच्या पथकाच्या हालचालीतला झपाटा नाहीसा होतो. मग चित्राला धार आणण्यासाठी ‘शार्पन’ लावलं जातं आणि नुकसान पक्कं होतं. माझा आग्रह इतकाच आहे: इंटरलेस फुटेज बिघडलेलं नसतं, त्याच्याविषयी कुठल्या तरी प्रोग्रॅमला चुकीची माहिती मिळालेली असते. आधी ती माहिती दुरुस्त करा. आणि डीइंटरलेस करायचंच असेल तर एकदाच करा, मूळ आकारात करा आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवून करा.

एका फ्रेममध्ये दोन क्षण

दूरदर्शनने १९८२ साली रंगीत प्रसारण सुरू केलं ते पाल पद्धतीत. आपल्याकडचे कॅमेरे, कॅसेट आणि डीव्हीडी त्याच मापाच्या. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये चित्राच्या ५७६ ओळी. पण इंटरलेस कॅमेरा या ५७६ ओळी एका दमात टिपत नाही. आधी एकाआड एक अशा २८८ ओळी टिपतो, आणि एका सेकंदाचा पन्नासावा भाग उलटला की मधल्या राहिलेल्या २८८ ओळी. ओळींच्या या प्रत्येक संचाला फील्ड म्हणतात; चित्राची सगळ्यांत वरची ओळ ज्यात असते ते वरचं फील्ड, दुसरं खालचं. म्हणजे फ्रेम २५ असल्या तरी कॅमेऱ्याने टिपलेले क्षण ५० असतात. ही युक्ती बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९३६ साली सुरू झालेलं ४०५ ओळींचं टेलिव्हिजन याच पद्धतीचं होतं. बँडविड्थ न वाढवता पडद्यावरचा लुकलुकाट कमी करण्याचा तो उत्तम मार्ग होता. पिक्चर ट्यूबचे टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवत, त्यामुळे डोळ्यांना हालचाल सलग वाटे.

आजचा मॉनिटर मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो. स्थिर वस्तूंना त्याने काही फरक पडत नाही. हलणारा हात मात्र दोन फील्डच्या मधल्या वेळात थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. एडिटर मंडळी याला ‘कोंबिंग’ म्हणतात. ज्याच्या सगळ्या ओळी एकाच क्षणाच्या असतात ते चित्र प्रोग्रेसिव्ह, आणि इंटरलेस चित्र तसं करणं म्हणजे डीइंटरलेस.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कच्चं इंटरलेस फुटेज कॉम्प्युटरवर १०० टक्के आकारात पाहताना ओळ-ओळ उंचीचे बारीक, रेखीव दात दिसले, तर फाइल निरोगी आहे. दोन्ही फील्ड शाबूत असल्याची ती खूण आहे. उलट जुन्या डीव्ही फुटेजमधल्या वेगवान हालचालीतही दात कुठेच दिसत नसतील, तर शंका घ्यावी. एक तर प्लेअर ते आपोआप लपवतो आहे, नाही तर कोणीतरी आधीच एक फील्ड फेकून दिलं आहे.

‘त्या सॉफ्टवेअरमध्ये बरं दिसत होतं’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. व्हीएलसी प्लेअर इंटरलेस फाइल ओळखून ती स्वतःहून डीइंटरलेस करून दाखवतो. एडिटिंग सॉफ्टवेअरचा प्रीव्ह्यू निम्म्या रिझोल्यूशनवर ठेवला असेल तर पुष्कळदा एकच फील्ड दिसतं आणि दात गायब होतात. म्हणून तुलना करायची तर दोन्हीकडे पूर्ण रिझोल्यूशन ठेवा, झूम १०० टक्के करा आणि मगच काय ते ठरवा. ‘फिट’ झूमवर पाहून काढलेला निष्कर्ष विश्वासाचा नसतो, कारण तिथे मॉनिटरने चित्र लहान-मोठं केलेलं असतं.

खुणा वाचायला शिका

बारीक, ओळभर उंचीचे दात म्हणजे इंटरलेस चित्र जसंच्या तसं दिसतं आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

दात जाड आहेत, दोन-तीन ओळींचे आहेत, किंवा चित्रावर वरून खाली लाटांसारखे पट्टे दिसत आहेत, तर कुठल्या तरी टप्प्यावर चित्राची उंची दोन्ही फील्ड वेगळी न करताच बदलली गेली आहे. ५७६ ओळींचं चित्र १०८० ओळींचं करताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि इथे शेजारच्या दोन ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. हा सगळ्यांत वाईट दोष.

दात नाहीत, पण हलत्या वस्तूच्या बाजूला तिचीच फिकट सावली दिसते, तर दोन्ही फील्ड एकमेकांत विरघळवून डीइंटरलेस केलं गेलं आहे. काही प्रोग्रॅममध्ये हा पर्याय ‘ब्लेंड’ नावाने असतो. स्थिर फ्रेममध्ये तो गुळगुळीत दिसतो, म्हणून अनेकांना आवडतो. माझ्या मते तो वापरूच नये.

चौथी खूण सगळ्यांत फसवी आहे. थांबवलेल्या फ्रेममध्ये काहीच गैर दिसत नाही, पण व्हिडिओ चालू केला की हालचाल थरथरते, जणू माणूस दोन पावलं पुढे आणि एक मागे जातो आहे. इथे फील्डचा क्रम उलटा झाला आहे. आधीचा क्षण नंतर दाखवला जातो आणि नंतरचा आधी: दुसरा, पहिला, चौथा, तिसरा. कॉम्प्युटरवर हा दोष कितीतरी वेळा नजरेतून सुटतो, आणि ग्राहकाच्या घरी टीव्हीवर डीव्हीडी लावली की उघड होतो.

क्रम ओळखायचा कसा

काही क्रम पाठ असलेले बरे. पालमधलं डीव्ही, म्हणजे मिनी-डीव्ही आणि डीव्हीकॅम, यांत खालचं फील्ड आधी असतं. एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी यांत वरचं फील्ड आधी. व्हीएचएसवरून ॲनालॉग कार्डाने उतरवलेल्या पाल फाइलमध्ये बहुधा वरचं आधी असतं. डीव्हीडीचं मात्र ठाम सांगता येत नाही: वरचं आधी असणं जास्त आढळतं, पण डीव्ही कॅमेऱ्यावरून थेट बनवलेल्या डीव्हीडीत खालचं आधी असू शकतं.

२००५ ते २०१० च्या दरम्यान आपल्याकडच्या लग्नांत आणि नाटकांच्या चित्रीकरणात एक डीव्ही आणि एक एचडीव्ही असे दोन कॅमेरे वापरणं सर्रास होतं. त्यांचं फुटेज एकाच टाइमलाइनवर आलं की एका कॅमेऱ्याचा क्रम टाइमलाइनशी जुळतो आणि दुसऱ्याचा जुळत नाही. ‘फक्त मंचाच्या डावीकडचा अँगल झटके मारतो’ अशी तक्रार आली, तर आधी हे तपासा.

फाइलवर काय लिहिलेलं आहे ते पाहायला मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात स्कॅनचा प्रकार आणि फील्डचा क्रम दोन्ही दिसतात. पण ते लेबल आहे, आणि लेबल खोटं असू शकतं. एव्हीआय फाइलमध्ये तर फील्डचा क्रम नोंदवण्याची भरवशाची सोयच नाही, त्यामुळे उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम आपापला अंदाज लावतो. एफएफएमपेगमध्ये ‘आयडेट’ नावाचा फिल्टर आहे. तो लेबलाकडे न बघता प्रत्यक्ष चित्र तपासतो आणि किती फ्रेम वरचं-आधी, किती खालचं-आधी आणि किती प्रोग्रेसिव्ह वाटतात ते मोजून सांगतो. हलता भाग भरपूर असलेला तुकडा त्याला द्या, नाही तर बहुतेक फ्रेम अनिर्णीत म्हणून निघतील.

तरीही शेवटचा निवाडा डोळ्यांनीच करावा. आफ्टर इफेक्ट्समध्ये क्लिप आणा, ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये ‘सेपरेट फील्ड्स’ला ‘अपर’ द्या आणि क्लिप ५० फ्रेमच्या कॉम्पोझिशनमध्ये टाका. एकाच दिशेने सलग चाललेली हालचाल निवडा: रस्त्यावरून जाणारी गाडी, वरातीत चालणारा घोडा, कॅमेऱ्याचं सावकाश पॅनिंग. आता एकेक फ्रेम पुढे सरका. घोडा प्रत्येक फ्रेमला पुढेच जात असेल तर क्रम बरोबर. एक पाऊल पुढे, एक मागे असं होत असेल तर ‘लोअर’ करा आणि पुन्हा पाहा. हा प्रयोग मिनिटभरात होतो आणि त्याने अर्धे वाद मिटतात. हाताच्या हावभावांवर किंवा नाचावर हा प्रयोग करू नका. तिथे दिशा खरोखरच सतत बदलत असते.

निकाल लागला की तो फाइलच्या नावातच लिहून ठेवा: पाल, इंटरलेस, खालचं आधी. पुढे ती फाइल ज्याच्या हातात जाईल त्याचा वेळ वाचेल.

फ्रेमच्या आकड्यावरूनही घोळ होतो, तो लगेच निस्तरू. एक प्रोग्रॅम तुमच्या एचडीव्ही फाइलला ‘१०८०आय ५०’ म्हणतो आणि दुसरा ‘१०८०आय २५’. पहिला फील्ड मोजतो, दुसरा फ्रेम. फाइल एकच आहे. ती ५० फ्रेमची आहे असं समजून तिचा वेग बदलायला जाऊ नका.

एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना

चुका नेमक्या या उंबरठ्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रत्येक प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या जागी फील्डचा प्रश्न असतो. एक, क्लिप कशी वाचायची. दोन, टाइमलाइन कोणत्या जातीची. या दोन जागा लोक एकच समजतात. टाइमलाइनचं सेटिंग बदलून क्लिपचा दोष सुटत नाही. प्रीमिअर प्रोमध्ये क्लिपवर ‘मॉडिफाय’मधून ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये गेलं की फील्डचा क्रम फाइलमधून घ्यायचा की स्वतः सांगायचा हे ठरवता येतं, टाइमलाइनसाठी ‘सिक्वेन्स सेटिंग्ज’ वेगळी असतात. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपची माहिती ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’मध्ये असते आणि इंटरलेस प्रोसेसिंगचं बटण प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये. एडिअसमध्ये क्लिपच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फील्ड ऑर्डर असते आणि प्रोजेक्टची वेगळी. वेगासमध्येही क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्येच ती सापडते. मेनूची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, पण या दोन जागा सगळीकडे असतात. आधी क्लिप नीट करा, मग टाइमलाइन.

टाइमलाइनच नेत असाल, म्हणजे एक्सएमएल, एएएफ किंवा ईडीएल, तर कट आणि टाइमकोड बिनचूक पोचतील. पण तुम्ही हाताने बदललेला फील्डचा क्रम त्याबरोबर जाईलच याचा भरवसा धरू नका. नवा प्रोग्रॅम मूळ फाइल पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. फायनल कट प्रो ७ ची एक सवय इथे सांगायला हवी, कारण त्यातले प्रोजेक्ट अजून निघतात. टाइमलाइन आणि क्लिप यांचा क्रम जुळला नाही की तो प्रोग्रॅम क्लिपवर ‘शिफ्ट फील्ड्स’ नावाचा फिल्टर स्वतःच लावत असे. एक्सएमएल दुसरीकडे उघडल्यावर तो फिल्टर गळून पडला तर क्रम उलटतो, आणि बदलून तिकडे लागला व क्लिपचा क्रमही दुरुस्त केला तर दुहेरी दुरुस्ती होते. म्हणून बाहेर काढण्याआधी अशा फिल्टरची यादी करून ठेवा.

रेंडर करून फाइल नेत असाल, तर तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, एक्स्पोर्टचा क्रम टाइमलाइनशी जुळतो का. दुसरी, फाइलचा प्रकार क्रम लक्षात ठेवतो का. क्विकटाइमच्या एमओव्ही फाइलमध्ये फील्डची नोंद ठेवण्याची जागा असते, म्हणून प्रोरेस ४२२ मधली एमओव्ही मधल्या प्रवासासाठी चांगली. एडिअसच्या कॅनोपस एचक्यू कोडेकमधली एव्हीआय द्यायची असेल, तर समोरच्याकडे तो कोडेक आहे का हे विचारा आणि क्रम लेखी कळवा. तिसरी, एच-२६४ मध्ये इंटरलेस चित्र प्रोग्रेसिव्ह म्हणून भरू नका. त्यात रंगाचा घात होतो.

हा रंगाचा मुद्दा फारसा बोलला जात नाही, आणि आपल्या फुटेजमध्ये तो सगळ्यांत ठळक दिसतो. पालच्या डीव्हीत आणि सर्वसाधारण एच-२६४ मध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या ओळींतच साठवलेली असते. इंटरलेस फाइलमध्ये ती प्रत्येक फील्डची वेगळी असते. एखाद्या प्रोग्रॅमने ती प्रोग्रेसिव्ह समजून पसरवली की वरच्या फील्डचा रंग खालच्यात जातो. परिणाम लाल रंगात पाहा: शालूच्या काठावर, कुंकवावर, गुलालात, फेट्यांच्या कडांना आडव्या रेघा आणि दातेरी डाग येतात. पांढऱ्या सदऱ्यावर मात्र काहीच दिसत नाही. चित्राच्या कडा नीट असताना केवळ लालभडक भाग फाटलेला दिसला, तर फील्डचा क्रम बदलत बसू नका. मधल्या कुठल्या रूपांतरात हा गोंधळ झाला ते शोधा आणि तो टप्पा पुन्हा करा.

काय चालतं, काय चालत नाही

इंटरलेस फुटेजवर साध्या टाइमलाइनमध्ये बरंच काम निर्धास्त करता येतं. कट करणं, एका शॉटमधून दुसऱ्यात विरघळणं, रंग आणि उजेड सुधारणं हे ओळींना हलवत नाही, त्यामुळे फील्ड सुरक्षित राहतात.

ओळी जागच्या हलवणारी प्रत्येक गोष्ट मात्र धोक्याची. मोठं-लहान करणं, तिरकं फिरवणं, स्टॅबिलायझर लावणं, उभ्या दिशेने धूसर करणं, काही प्रकारचं नॉइज काढणं. प्रोग्रॅमला फील्डची खरी माहिती असेल तर चांगले प्रोग्रॅम आधी फील्ड वेगळी करतात, मग काम करतात. माहिती चुकीची असेल तर सगळं एकत्र कालवतात. साधं सरकवणंसुद्धा क्रम बिघडवतं: चित्र एक, तीन किंवा पाच अशा विषम ओळींनी वर-खाली नेलं की वरच्या फील्डच्या ओळी खालच्या फील्डच्या जागी बसतात आणि क्रम उलटतो. वरून एक ओळ क्रॉप करून चित्र तेवढंच वर ओढलं तरी हेच होतं. म्हणून उभं सरकवताना सम संख्येनेच सरकवा. उलट दिशेने याचाच उपयोगही होतो: विषम ओळींनी सरकल्यामुळे बिघडलेलं फुटेज एक ओळ परत सरकवून दुरुस्त होतं.

स्लो मोशन आणि फ्रीझ फ्रेम या दोन जागाही नाजूक. इंटरलेस फ्रेम गोठवली की तिच्यातले दोन क्षण आलटून-पालटून दिसतात आणि थांबलेला माणूस टीव्हीवर थरथरतो. अशा ठिकाणी एकच फील्ड निवडून त्याची फ्रेम बनवावी. स्लो मोशनमध्ये मात्र इंटरलेस फुटेज तुमच्या बाजूने आहे. ५० क्षण हाताशी असल्यामुळे ते ५० फ्रेममध्ये उलगडून २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवले, तर कुठलीही बनावट फ्रेम न घालता खरीखुरी संथ हालचाल मिळते.

शीर्षकं आणि शिरोरेघ

टीव्ही वाहिनीसाठी १०८०आय ५० मध्ये काम द्यायचं असेल, तर देवनागरी अक्षरांची एक खास अडचण येते. शिरोरेघ पूर्ण आडवी असते. बारीक वजनाचा फॉन्ट घेतला आणि ती रेघ एकाच ओळीची झाली, तर ती फक्त एका फील्डमध्ये येते. म्हणजे सेकंदाला ५० ऐवजी २५ वेळाच दिसते, आणि सगळं नाव डोळ्यांसमोर लुकलुकतं. रोमन अक्षरांतही आडव्या कडा असतात, पण त्या तुटक. आपली रेघ शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. म्हणून शीर्षकांना जाडसर फॉन्ट घ्या आणि रेघ किमान तीन ओळी जाड राहील असा आकार ठेवा. तरीही लुकलुकाट राहिला तर उभ्या दिशेने अगदी हलकं धूसर करा. वर सरकणारी श्रेयनामावली असेल तर तिचा वेग असा ठेवा की प्रत्येक फील्डला ती पूर्ण ओळींच्या अंतराने सरकेल. त्यातही दर फील्डला बरोबर एक, तीन किंवा पाच ओळींचा वेग टाळा, कारण तेव्हा अक्षराच्या त्याच त्याच निम्म्या ओळी दिसत राहतात. दोन किंवा चार ओळींचा वेग उत्तम.

आधीच बिघडलेलं हाती आलं तर

आधी पाहा, नुकसान फक्त लेबलाचं आहे की चित्राचं. फाइल प्रोग्रेसिव्ह म्हणून शिक्का मारलेली आहे, पण दात बारीक आणि ओळ-ओळ उंचीचे आहेत, तर नशीब चांगलं. ती इंटरलेस असल्याचं सॉफ्टवेअरला सांगा, क्रम वरच्या प्रयोगाने ठरवा आणि पुढे चला. क्रम उलटा असेल तरीही काही गेलेलं नाही.

दात जाड झाले असतील किंवा दोन क्षण विरघळले असतील, तर त्या फाइलवर वेळ घालवू नका. मूळ कॅप्चर शोधा, कॅसेट शोधा. दात पुसणारे फिल्टर दोष झाकतात आणि सोबत चेहऱ्यांचे बारकावेही पुसतात.

जुन्या मराठी चित्रपटांच्या टीव्हीवरून किंवा कॅसेटवरून घेतलेल्या प्रतींचं निदान वेगळं आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. पालमध्ये तो किंचित वेगाने, २५ वर, चालवून प्रत्येक फ्रेमची दोन फील्ड केली जात. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असल्यामुळे अशा प्रतीत दात असायलाच नकोत. तरीही दिसले, तर बहुधा कॅप्चर एका फील्डने सरकलं आहे: एका फ्रेममध्ये या फ्रेमचं एक आणि पुढच्या फ्रेमचं एक फील्ड बसलं आहे. ताडून पाहायला शॉट बदलतो ती फ्रेम थांबवा. तिथे दोन्ही दृश्यं एकाआड एक ओळींत मिसळलेली दिसली तर शंका खरी. इथे डीइंटरलेस केलं तर निम्मं रिझोल्यूशन विनाकारण जाईल. एफएफएमपेगमधला ‘फील्डमॅच’ किंवा एव्हीसिंथमधला ‘टीएफएम’ जोड्या पुन्हा लावून देतो आणि पूर्ण ५७६ ओळींचं चित्र परत मिळतं.

डीइंटरलेस करायचंच तर

यूट्यूबसाठी, मोबाइलसाठी, आजच्या प्रोजेक्टसाठी शेवटी प्रोग्रेसिव्ह चित्र लागतंच. यूट्यूबही इंटरलेस फाइल आधी डीइंटरलेस करूनच चढवायला सांगतं. ते काम पहिल्याच टप्प्यावर करा: आकार बदलण्याआधी, स्टॅबिलायझरच्या आधी, नॉइज काढण्याआधी. त्यानंतर सगळे प्रोग्रॅम त्या प्रोग्रेसिव्ह फाइलवर चालू द्या, म्हणजे फील्डचा प्रश्न पुढे उरतच नाही. एका प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस करून फाइल दुसऱ्यात नेली आणि तिथलं डीइंटरलेसचं बटण चालूच राहिलं, तर उरलेल्या चित्राच्याही निम्म्या ओळी जातात. हे सर्रास घडतं, म्हणून नव्या प्रोग्रॅममध्ये क्लिप प्रोग्रेसिव्ह म्हणून वाचली जाते आहे ना, हे आवर्जून पाहा.

फ्रेम ५० ठेवा. २५ वर उतरवलं की निम्मे क्षण कायमचे जातात, आणि कीर्तनकाराची चिपळी, ढोल-ताशाची टिपरी, मुलांची धावपळ सगळं तुटक होतं. एक्स्पोर्ट झाल्यावर हलत्या भागात एकेक फ्रेम पुढे सरका. प्रत्येक फ्रेम वेगळी असली पाहिजे. दर दुसरी फ्रेम हुबेहूब आधीसारखी असेल, तर आकडा ५० चा आहे पण क्षण २५ च आहेत.

साधनांमध्ये एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथवर चालणाऱ्या क्यूटीजीएमसीला माझा कौल. ते सावकाश चालतं, पण आडव्या कडा थरथरू न देता बारकावे राखतं. स्क्रिप्ट लिहायची नसेल तर हायब्रिड किंवा स्टॅक्सरिप या मोफत प्रोग्रॅममध्ये ते तयार मिळतं. घाईत असाल तर एफएफएमपेगचा ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा हँडब्रेकमधला ‘बॉब’ पर्याय चालेल. रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीतलं न्यूरल इंजिनचं डीइंटरलेसिंगही चांगलं आहे.

यूट्यूबवर ५० फ्रेम फक्त ७२० ओळींपासून पुढे मिळतात. ५७६ ओळींची ५० फ्रेमची फाइल तशीच चढवली तर ती २५ वर उतरते. म्हणून डीइंटरलेस झाल्यावर जुनं चार-तीनचं चित्र १४४० बाय १०८० करा आणि मग चढवा. पालचा पिक्सेल चौकोनी नसतो, हे आकार बदलताना ध्यानात असू द्या. ७२० बाय ५७६ त्याच प्रमाणात ताणलं तर माणसं सडपातळ दिसतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससीच्या असतात: ४८० ओळी, सेकंदाला सुमारे ६० फील्ड, डीव्ही असेल तर खालचं फील्ड आधी. त्या पालच्या टाइमलाइनवर आणून २५ वर दाबू नका. त्यांच्याच गतीने, ५९.९४ फ्रेमवर, स्वतंत्र डीइंटरलेस करा.

आणि मूळ फाइल पुसू नका. डीव्हीचं एक तासाचं कॅप्चर साधारण १३ जीबी होतं. आजच्या हार्ड डिस्कवर ती जागा किरकोळ आहे. डीइंटरलेसिंगची साधनं दर काही वर्षांनी सुधारतात, पण त्यांना काम करायला दोन्ही फील्ड शाबूत लागतात. कॅसेट फायरवायरने उतरवलेली मूळ डीव्ही फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, नावात फील्डचा क्रम लिहा, आणि जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर करा.